गौराआत्याच्या पायावरचा खळगा

॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुक्काम पूर्णा जंक्शन, मेहेर महिना, सन १३५२ फसली

चिरंजीव लिंगराज यास चंद्रप्पाकाकाचा आशीर्वाद (तू नापास झालास म्हणून त्यात काटछाट केलेली नाही, नेहमीच्याच मापाने घातला आहे). इकडे सर्व खुशाल. तूही आपली खुशाली कळवत जा, पण गेल्या खेपेसारखी नको. ‘इल्मुल अमराज या विषयात गेलो, रोग कसे होतात हे या जन्मी माझ्या डोक्यात शिरायचं नाही, कॉलेज सोडून येतो आणि तुमच्या शेजारी दुकानात बसतो’ ही काही खुशाली नव्हे. ते पत्र मी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून गल्ल्यात टाकलं. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण मात्र राग नव्हे. मध्यंतरी तुझी गौराआत्या वारली होती. आता बरी आहे. (घाबरून गाडीत बसू नकोस, पुढचं वाच.) दुकानात यायचं की परत परीक्षेला बसायचं हे तू पुरतं पत्र वाचून मगच ठरवायचं आहेस, अर्ध्यावर नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत मागच्या खोलीत तुझं पाठांतर चालायचं तेव्हा वही माझ्या हातात असायची, हे तू विसरला असशील. तुमचं हैदराबादचं डॉक्टरकीचं सगळं शिक्षण उर्दूत आणि आपली चार बुकंही उर्दूतच झालेली (मौलवीसाहेबांची छडी अजून पाठीला आठवते), त्यामुळे तू म्हणायचास आणि चुकलास की मी अडवायचो. अशा अडवाअडवीत विषय नक्की कुणाच्या डोक्यात गेला ते आता उघड झालं आहे. मला समजलं ते इतकंच, की अंग म्हणजे एक भलं मोठं गाव आणि त्यात पेशी नावाची लहान लहान घरं. ज्या घरावर काम वाढतं ते कुरकुर न करता मोठं होतं (आपल्या स्टेशनवरच्या हमालांचे दंड बघ), ज्याला काम नाही ते रोडावतं (पाय मोडून खाटेवर पडलेल्याची पोटरी बघ), आणि भार सोसेनासा झाला की घर आजारी पडतं. वेळेवर भार उतरवला तर घर पूर्ववत होतं. एका हद्दीपलीकडे गेलं की मग काही केलं तरी परत येत नाही. ही हद्द ओळखायची, एवढाच तुमचा सगळा विषय आहे असं माझं मत झालं. तुझ्या मास्तरांचं मत वेगळं असेल तर तसं कळव.

सुजेचं प्रकरण तर मला फारच पटलं. बाजारात चोर शिरला की काय होतं? चहूबाजूंनी लाल पागोटी धावत येतात, माणसांच्या उबेने हवा तापते, रस्ता फुगतो, आरडाओरडा होतो आणि दुकानं बंद पडतात. लाली, ऊब, सूज, ठणका आणि काम ठप्प. चोराने केलं नसतं इतकं नुकसान पुष्कळदा धावून आलेली माणसंच करतात, हेही तुमच्या शास्त्राने कबूल केलेलं बघून मला तुमच्या शास्त्राविषयी आदर वाटला.

आता विद्या एकदा अंगात आली की ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. तानुबाई गूळ न्यायला आली, दाढेपायी गाल हा एवढा. मी ओळीने तपासलं. लाली होती, ऊब होती (तिने स्वतःच हात लावून सांगितलं), सूज रस्त्यावरून दिसत होती, ठणका तर ती विचारायच्या आधीच सांगत होती. राहिलं पाचवं लक्षण, म्हणून मी सहज विचारलं, की तोंडाचं काम चालू आहे ना? त्यावर ती आपल्या सुनेविषयी जे बोलायला लागली ते दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं निघून गेली तरी थांबली नाही. तेव्हा पाचवं लक्षण नाही असा निकाल मी दिला. मालगोदामातले व्यंकटराव मानेवर फोड घेऊन आले. त्यांना मी समजावलं, की आत जो पू आहे तो म्हणजे तुमच्यासाठी लढून मेलेले शिपाई, त्यांना नावं ठेवू नका. तेव्हापासून ते तेल समोरच्या दुकानातून नेतात. तुझी शांतम्माकाकू भाचीच्या बाळंतपणासाठी देवगाव फाट्याकडे गेलेली, त्यामुळे मला आवरणारं घरात कुणी नव्हतं. (गौराआत्या होती, पण ती आवरत नाही, एकदम झोडपते.)

गौराआत्याविषयी तुला मी काय सांगायचं? तुझे आईवडील गेल्यावर तुला जिने वाढवलं तिनेच त्याआधी मला आणि तुझ्या वडिलांना वाढवलं होतं. त्यामुळे या घरात तिच्यापुढे अजून कुणी मोठं झालेलंच नाही. मी तिला अक्का म्हणतो, माझे केस पिकले तरी ती मला चंद्या म्हणते, आणि गिऱ्हाइकांसमोर जरा मोठ्याने म्हणते. तर एका सकाळी तिची वहाण तिच्या पायात जाईना. तिने वहाण शिवणाऱ्याला दोष दिला, मग पावसाला दिला (कातडं आखडतं म्हणून), मग मला दिला. मी पाय पाहिला. सुजलेला होता, पण लाली नाही, ऊब नाही, ठणका नाही. म्हणजे चोर आलेला नाही, पाणी साचलं आहे. मी नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खळगा तिथेच राहिला. तुझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे तंतोतंत! मला इतका आनंद झाला की मी दुसरा दाबला. त्यावर ती म्हणाली, “माझा पाय हाय का परात हाय रे चंद्या? बोटं कशाला रुतवायलास?”

आनंद तिथेच संपला, कारण वहीतलं पुढचं वाक्य मला आठवलं. मोटेचे बैल थकले की पाणी पुढे न जाता तुंबतं, तसं काळीज थकलं की अंगात पाणी तुंबतं, आधी पायात आणि मग छातीत. मी तिला खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की आडवं झालं की तिचा जीव घाबरतो, म्हणून कितीतरी दिवस ती भिंतीला टेकून बसूनच रात्र काढत होती आणि आम्हाला सांगत नव्हती. (का सांगितलं नाहीस म्हटलं तर म्हणते, कुणी विचारलं न्हाई.) लिंगराज, मी त्या वेळी पुरता घाबरलो. पण तू घोकलेलं डोक्यात होतं, की आडवं निजवलं की पायातलं पाणी वर चढतं. तेव्हा मी हुकूम काढला, की अक्काने आडवं व्हायचंच नाही. ओसरीवर खांबाला कोंड्याचं पोतं टेकवलं, त्याला टेकून तिला बसवली, झोपेत कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाकळांच्या वळकट्या लावल्या, आणि रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना आणायला निघालो.

पुढचं समजायला आपली रीत ध्यानात घ्यावी लागेल. ती तुला ठाऊक आहे, पण हे पत्र तू खोलीतल्या सोबत्यांना वाचून दाखवशील म्हणून लिहितो. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवतात, पाठीला आणि कुशींना टेके देतात. आंघोळ, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग, फुलं, आणि मग तसं बसलेलंच समाधीला नेतात. आता जिवंत माणूस रोज सकाळी पूजेला कसा बसतो? आंघोळ, भस्म, मांडी, डाव्या तळहातावर लिंग, फुलं. फरक एवढाच, की पूजा झाल्यावर तो उठतो आणि चहा मागतो. अक्का आंघोळ करून, भस्म लावून, लिंग तळहातावर घेऊन पोत्याला टेकून पूजेला बसली, आणि इतक्या दिवसांची राहिलेली झोप तिला पूजेच्या मध्येच लागली.

दार उघडंच होतं. अशा वेळी चुडाव्याच्या गाडीने चन्नबसम्मा समाचाराला आली. तिला तू ओळखतोस, अक्काची धाकटी जाऊ. दोघींचं उभ्या जन्मात पटलं नाही, कारण वाटणीत पाटा अक्काकडे आला आणि वरवंटा चुडाव्याला गेला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत चटणी दुसऱ्याच कशाने तरी वाटली जाते. चन्नबसम्माने उंबऱ्यातून पाहिलं. भस्म, मांडी, मिटलेले डोळे, तळहातावर लिंग, दोन्हीकडून वळकट्यांचे टेके. तिने हाक मारली, उत्तर आलं नाही. मग तिने जो टाहो फोडला तो म्हणे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेला.

त्यानंतर आपल्या घराला सूज आली. लाल पागोटी आली, ओसरीवर पाय ठेवायला जागा उरली नाही, माणसांच्या उबेने भिंतींना घाम फुटला, रडण्याचा ठणका सुरू झाला आणि अर्ध्या बाजाराने फळ्या लावल्या. पाचही लक्षणं हजर, चोर मात्र नाही. व्यंकटराव मानेवरचा फोड विसरून पुढे झाले आणि त्यांनी आपल्या शेतात समाधीचा खड्डा खणायला माणसं धाडली. (पुढे होणारा माणूस चांगला, पण आधी नाडी बघणारा त्याहून चांगला.) मठातले स्वामी घंटा घेऊन आले. कुणीतरी शंख फुंकला. आणि एवढ्या सगळ्यांत एकानेही बाईच्या नाकापुढे बोट धरलं नाही, कारण पूजेला बसलेल्या माणसाला शिवायचं नाही आणि गेलेल्या माणसाला स्वामी आल्याशिवाय हलवायचं नाही, अशा दोन रीती एकमेकींत अडकून बसल्या होत्या.

मी डॉक्टरसाहेबांना घेऊन रेल्वेच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा शंख ऐकला. कुणीतरी म्हणालं, तुमच्याच घरी. इथून पुढे मी कसा वागलो ते तपशिलाने लिहितो, कारण तुझ्या विषयाचा खरा कस तिथे लागला. मी पावलाची चाल बदलली नाही. गर्दीला हाताने बाजूला केलं. अक्काच्या पायाशी बसलो आणि शांतपणे हात लावला. पाय उबदार होता. घोट्याचा सांधा मऊ होता, ताठलेला नव्हता. नडगीवर अंगठा दाबला, खळगा पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत किंचित भरला. (गेलेल्या माणसाचा भरत नसावा. हे वहीत नाही, हा माझा शोध आहे.) मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जाणत्या माणसांना एवढं पुरतं. मग मी खणखणीत आवाजात जाहीर केलं, की अक्का जिवंत आहे. तेवढ्यात अक्काने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलंच नाही. चन्नबसम्माकडे बघून म्हणाली, “थांबलीस का गं? म्हन की फुडचं.”

ही ग्लानी आहे असं मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं. चन्नबसम्मा तिथेच मटकन खाली बसली आणि स्वामींनी घंटा झोळीत घातली. डॉक्टरसाहेबांनी नळी लावून छाती ऐकली, थेंबाचं औषध दिलं आणि मीठ बंद केलं. किराणा दुकानात राहून मीठ बंद, तेव्हा ती मिठाच्या पोत्याकडे ज्या नजरेने बघते ती तुला कळेलच. शेतातल्या खड्ड्याचं काय करायचं असं व्यंकटरावांनी चाचरत विचारलं, तर म्हणाली खणलाय तर फुकट जाऊ नये, शेणखत टाकून दुधी भोपळा लावा. वेल चांगला धरला आहे.

डॉक्टरसाहेब जायला निघाले आणि ओसरीवरचं ते पोतं आणि त्या वळकट्या बघून थांबले. मला म्हणाले, “बिठाओ करके कौन बोला?” मी म्हणालो, पुतण्या बोलला. ते म्हणाले ठीक बोलला, आडवं निजवत राहिला असता तर छातीत पाणी भरलं असतं, आता हद्दीच्या अलीकडे आहे, सावरेल. पुतण्या काय करतो म्हणून विचारलं. मी म्हणालो, हैदराबादला डॉक्टरकी शिकतो. ‘शिकत होता’ असं माझ्या तोंडून निघेना.

लिंगराज, आता थट्टा बाजूला ठेवून लिहितो. त्या फाटकापाशी शंख ऐकला तेव्हा मी फाटकाचा दांडा धरून उभा राहिलो होतो. अक्का आज पोत्याला टेकून मला शिव्या देते ती तुझ्या घोकण्यामुळे देते. जो विषय तुझ्या डोक्यात शिरत नाही म्हणतोस तो तुझ्याच तोंडून माझ्या डोक्यात शिरला, तर तो वाटेत तुझ्या डोक्यातून गेलाच असणार. परीक्षेत का सांडला ते तुझं तू बघ. जखम भरते तिथे नवं मांस येतं, त्याला जुन्याची सफाई नसते पण ते दोन्ही काठ धरून ठेवतं, हेही तूच वाचलं होतंस. नापास झाल्याचा वण राहील. राहू दे. आणि दुकानातली जी जागा तू धरून चालला आहेस तिथे आता ते कोंड्याचं पोतं आहे. तुझी आत्या दिवसभर त्याला टेकून गिऱ्हाइकांना माप नीट बघून घ्यायला सांगते. गादीवर तिसऱ्याला जागा नाही. परत परीक्षेला बस. कळावे, लोभ आहेच, तो नापास झाल्याने कमी होत नाही आणि पास झाल्याने वाढवणार नाही.

तुझा काका,
चंद्रप्पा

ता. क. तुझ्या मास्तरांना एक विचार. पायावर दाबलेला खळगा किती वेळात भरला म्हणजे माणूस बरं झालं समजायचं? मी रोज सकाळी दाबून बघतो. हल्ली पटकन भरतो, पण पटकन म्हणजे किती ते कळल्याशिवाय मला चैन नाही.

आणखी ता. क. हे पत्र अक्काला वाचून दाखवलं. मी शांतपणे पायाला हात लावला त्या जागी तिला ठसका लागला. तिलाही तुला दोन शब्द कळवायचे आहेत, ते व्यंकटरावांच्या सुमनबाई लिहून घेतील. मी पार्सल सोडवायला स्टेशनवर जातो आहे. आल्यावर न वाचता पाकीट चिकटवीन.

लिंगू बाळा, लिहायलीय सुमनबाई, बोलायले मी. काकानं लिवलं त्यातली आंघोळ खरी, भस्म खरं, झोप लागली तेबी खरं. फुडचं समदं त्याच्या पदरचं हाय. चन्नबसम्माच्या पहिल्या हाकेलाच मी जागी झाले व्हते. पर ती रडता रडता म्हनाली, जाऊबाईवानी बाई न्हाई, वरवंटा तिचाच व्हता, मीच दडपून ठिवला. जलमात पहिल्यांदा त्या तोंडून माझं चांगलं ऐकायले, तर डोळे कशाला उघडू? म्हनलं बोलू दे, आनखी काय निघतंय बघू. तेवढ्यात तुझा काका आला. त्यानं ऊब बघितली न्हाई न् सांधा बघितला न्हाई. दारातूनच ‘अक्का’ म्हनून वरडला आन् येऊन माझ्या पायावर पडला. लेकरावानी रडला बाबा. म्हनला, आता मी कुनाला इचारू? सुजलेले पाय असे आवळले की कळ मस्तकात गेली, म्हनून मी डोळे उघडले. मी जित्ती हाय हे डॉक्टरनं त्याला सांगितलं, त्यानं डॉक्टरला न्हाई.

आता सूज उतरली, वहान पायात जायलीय, चन्नबसम्मानं वरवंटाबी धाडून दिला. पर ह्यो रोज सकाळी पूजेच्या आधी येतो आन् पाय दाबून बघतो. डॉक्टर म्हनले बास करा, ऐकत न्हाई. शांतम्मा आली, ती म्हनली, ऐकत न्हाई. म्हनतो, आमचा लिंगराज सांगंल तवाच थांबीन. तर तू दुकानात बसायला येऊ नको. दुकानात बसनाराचं ह्यो ऐकत न्हाई. तू पास हो, डॉक्टर हो, मंग ये आन् तुझ्या हातानं दाबून ह्याला सांग, की आत्याचा खळगा भरला. तवर मी हाय बसून.